पंजाचा दगड

गावाचा भूगोल एवढासाच. पुढे समुद्र, मागे दलदल आणि मधे समुद्राच्या घशातून ओढून काढलेली शेतं. भरतीला पाणी शेतांपेक्षा उंच चढायचं. त्याला आडवा होता फक्त जुना दगडामातीचा बांध. इतिहास तर त्याहूनही छोटा. हा बांध कुणाच्या पणज्याने घातला, यावरून आप्पा आणि त्याचा साडू वीस वर्षं भांडत होते.

बांधाच्या पायथ्यात एक भलामोठा दगड बसवलेला होता, त्यावर माणसाचा पंजा कोरलेला. बांध घालणाऱ्याचाच तो हात, एवढं सगळ्यांना मान्य होतं. दोघांनीही आपापला पंजा त्यावर ठेवून पाहिला होता. एकाचाही बसला नाही. आप्पाच्या मते दगड झिजला होता. साडूच्या मते आप्पाचा हात सासरचं खाऊन सुजला होता.

गावाचा एक जुना नियमही होता: बांध ज्या घराण्याचा, फुटला तर बुजवायचाही त्यानेच. पण तीन पिढ्यांत तो फुटलाच नव्हता, त्यामुळे हा नियम म्हणजे दोघांनाही मानाचाच भाग वाटायचा.

यंदा शाळेच्या मास्तरांनी चौकात स्मारकाची टूम काढली. साडू काही हालचाल करायच्या आत आप्पाने गवंड्याला गाठलं. पंजाचा दगडच उचलून चौकात बसवायचा आणि वर पणजोबांचं नाव कोरायचं. खाली भगदाड पडेल त्याचं काय, असं कुणीतरी विचारलं. वाळूची चार पोती कोंबू, समुद्राला काय कळतंय, असं गवंडी म्हणाला.

आप्पाची बायको कमरेवर हात ठेवून उभी राहिली. बांधाला लागून त्यांचंच शेत होतं आणि वर्षाचा कांदा उपटून वाफ्यांवर वाळत पडला होता.

"बापाचा फोटो लावायला घराचा खांब काढून चौकट करणाऱ्यातले तुम्ही," ती म्हणाली. "निदान आधी कांदा तरी घरात आणा."

"कांदा दरवर्षी येतो," आप्पा म्हणाला. "इतिहास एकदाच येतो."

ओहोटीला साखळ्या लावून दगड काढला, ट्रॉलीतून मिरवत चौकात नेला. संध्याकाळी समारंभ. साडू मागच्या खुर्चीत तोंड पाडून बसला होता. हा बांध आजही अभेद्य आहे, असं मास्तर म्हणाले आणि टाळ्या पडत असतानाच पहिला कांदा तरंगत चौकात आला. मागोमाग दुसरा. मग आप्पाचा सगळा मळाच श्रोत्यांत येऊन बसला.

लोक खुर्च्यांवर चढले. घोटाभर पाण्यात फक्त साडू उतरला आणि वीस वर्षांत प्रथमच व्यासपीठावरच्या आप्पासमोर हात जोडून मोठ्याने म्हणाला, "माझं चुकलं. बांध तुमच्याच पणजोबांचा. सगळ्या गावासमोर कबूल करतो."

नियम प्रत्येकाला आठवला होता.

"नाही म्हणा," बायको दातओठ खात कानाशी म्हणाली. "नाही म्हणा, नाहीतर मी माहेरी जाते."

नाही हा शब्द आप्पाच्या जिभेवर आलासुद्धा. पण दगडावर ताज्या रंगात पणजोबांचं नाव चमकत होतं आणि सगळं गाव त्याच्याकडे बघत होतं, साडू तर मान वर करून.

"मी वीस वर्षं हेच सांगत होतो," आप्पा म्हणाला.

साडूने त्याच्या हातात फावडं दिलं.

ते भगदाड पोत्यांनी बुजेना, मातीने बुजेना. त्या मापाचा दगड पंचक्रोशीत एकच होता. तो परत मागायला आप्पा पंचायतीत गेला. गावाचं स्मारक असं हलवता येणार नाही, असं ठरलं. सगळ्यात आधी आणि सगळ्यात उंच हात साडूचा होता. तेव्हापासून रोज दोनदा समुद्र आप्पाच्या शेतात येऊन जातो. ओहोटीला आप्पा माती टाकतो, भरतीला ती वाहून जाते. बायको माहेरी गेली नाही. ती बांधावर बसते आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते की आमचे हे इतिहासात गेलेत, जेवायला येतील.