बिनखुणेची मेंढी

मुक्या जनावराच्या अंगावर विनाकारण एक ओरखडाही उठता कामा नये, विज्ञानासाठीसुद्धा नाही, असं ओरोझाइम एजे म्हणाल्या. वाक्य पुरं व्हायला जरा वेळ लागला, कारण तोंडात घोड्याच्या मांसाची चकती होती.

राजधानी बिश्केकहून आलेल्या नीतिसमितीच्या त्या अध्यक्षा; सगळे त्यांना मानाने एजे, म्हणजे ताई, म्हणत. सोबतचे दोन सदस्यही मान डोलवत न्याहारी चावत होते. न्याहारी तशीच पडली होती ती फक्त जिपारची. खोऱ्यातल्या पशुरोग केंद्राची ती प्रमुख. गेल्या साली मेंढ्यांना देवी आल्या आणि निम्मे कळप मेले, तेव्हापासून ती लशीमागे लागली होती. प्रयोगातल्या अर्ध्या मेंढ्यांना लस टोचून झाली होती. त्यांच्या पाठीवर निळी खूण. बाकीच्या तुलनेसाठी तशाच ठेवलेल्या. आता सगळ्यांनाच मुद्दाम रोगाची लागण करायची आणि कोण तगतं ते बघायचं. टोचायला परवानगी होती, लागण करायला नव्हती. तेवढ्यासाठी समिती आली होती.

"म्हणजे धडधाकट मेंढ्या आजारी पाडणार तुम्ही?" ओरोझाइम एजेंनी विचारलं.

"हो, एजे. नाहीतर लस चालते हे कळणार कसं?"

"संगणकावर नाही का होत हल्ली?" धाकटा सदस्य म्हणाला.

"संगणकाला देवी येत नाहीत."

मग मेंढ्यांच्या गवताच्या अंथरुणाबद्दल चर्चा झाली. एका मेंढीचं मरण दुसरीला दिसेल का, यावर तर फारच झाली. दुपार कलली. जिपार पाठमोरी होऊन कपाटात गेल्या साली मेलेल्या मेंढ्यांचे फोटो शोधत होती, तेवढ्यात दारात म्हातारे सागिन आके उभे राहिले. केंद्राचे मेंढपाळ, सगळ्यांचे आके म्हणजे काका. हाताशी एक मेंढी.

"पाहुणे आलेत. दुआ द्या, म्हणजे कापतो."

तिन्ही सदस्यांनी तळवे वर केले, "ओमीन" म्हणाले आणि चेहऱ्यावरून हात फिरवले. जिपारनेही मागे न वळता फिरवले. सवयच ती. या मरणाला परवानगी मिळायला शिंकेएवढासुद्धा वेळ लागला नाही.

संध्याकाळी रिवाजाप्रमाणे मेंढीचं डोकं अध्यक्षांपुढे आलं. त्यांनी कान कापून सगळ्यांत धाकट्याला दिला.

"अरे, याला भोक आहे!" तो म्हणाला. "मेंढ्यांना झुमके घालता की काय?"

"बिल्ल्याचं भोक. प्रयोगातल्या मेंढ्यांनाच—" जिपार बोलून गेली. मग रश्शाचे वाडगे आणणाऱ्या म्हाताऱ्याकडे वळली. "सागिन आके, कुठली कापलीत?"

"बिनखुणेची. तूच म्हणालीस ना, पोरी, सुई टोचलेलीला हात लावू नका म्हणून? पाहुण्यांच्या पोटात औषध जायला नको."

"अहो, तीही प्रयोगातलीच होती!"

"तिला काय केलंय तुम्ही? आली तशी नुसती चरत होती."

"काही न करणं, हेच काम होतं तिचं!"

"ते काम माझा जावईही करतो," सागिन आके म्हणाले. "त्याला अजून कुणी विज्ञान म्हटलं नाही."

ओरोझाइम एजेंनी बोटं पुसली. "म्हणजे हा गट अपुरा झाला. अपुऱ्या गटावरून निष्कर्ष निघत नाही, आणि निष्कर्ष निघणार नसताना जनावरांना त्रास देणं अनैतिक."

"उद्या दुसरी मेंढी घालते, एजे."

"नवी मेंढी म्हणजे नवा अर्ज. पुढची बैठक वसंतात." त्यांनी गालाचं मांस उचललं. "मऊ आहे हो. काही ताण नव्हता बिचारीला."

शरदात देवी डोंगर ओलांडून आल्या. त्यांनी कुणाची परवानगी विचारली नाही. केंद्रातल्या बिनखुणेच्या मेंढ्या आठवड्याभरात आडव्या झाल्या. निळ्या खुणेच्या मात्र शेजारी उभ्या राहून रवंथ करत होत्या. जिपारने फोटो काढून बिश्केकला पाठवले. लागण परवानगीशिवाय झालेली असल्यामुळे हा प्रयोग धरता येत नाही, असं उत्तर आलं. वसंतात समिती ठरल्याप्रमाणे येईल, असंही त्यात होतं.

सागिन आकेंनी पाहुण्यांसाठी एक मेंढी वेगळी बांधून खुराक सुरू केला. निळ्या खुणेची. बिनखुणेची एकही उरली नव्हती.