अध्यक्षांचं बोट समुद्रात

१९४७ च्या डिसेंबरात उंब्रजच्या वाचनालयात ‘पॅलेस्टाईनची फाळणी योग्य की अयोग्य’ असा वाद ठेवला होता. अध्यक्ष मी. गावात माझ्याइतका निःपक्षपाती माणूस नाही म्हणून, अशी माझी समजूत. खरं म्हणजे दुसरं कोणी तयार नव्हतं.

बाळासो वकील फाळणीच्या बाजूनं बोलले, मोहिद्दीन तांबोळी विरुद्ध. दोघांना मोजून दहा मिनिटं. वेळ संपताच मोहिद्दीनचं वाक्य मी अर्ध्यावर तोडलं आणि त्याचा मला अभिमानही वाटला. शेवटी म्हणालो, “ज्यूंचंही खरं, अरबांचंही खरं. सत्य मध्यावर असतं.” टाळ्या पडल्या. त्या भरात नकाशावर तिथलं हैफा बंदर दाखवायला गेलो आणि बोट समुद्रात टेकवलं.

“मास्तर, वाईच उजवीकडं,” मागून कोणी म्हणालं. पलटणीतून पेन्शनीत निघालेले हवालदार लालासाहेब. गेल्या महायुद्धात ते वर्षभर हैफात होते. मी त्यांना बोलायचा आग्रह केला.

“ट्रकखाली माजा पाय मोडला, तवा एका ज्यू डाक्टरनं जोडला. जर्मनीतनं पळून आल्याला. मागं ऱ्हायलेल्या आईबापाचा पत्ता न्हवता त्येला. मग कुबड्या घिऊन हिंडायचो, तर एक अरब म्हातारी दारात बसवून संत्री सोलून द्यायची. आज्या-पणज्यापासनं बाग तिची.”

“म्हणजे तुम्हीही माझ्यासारखेच निःपक्षपाती,” मी खूश होऊन म्हणालो.

“न्हाई मास्तर. मला दोगांचीबी काळजी लागलीया. तुमाला कुणाचीच न्हाई.”

ते रागानं म्हणाले नाहीत. मी घाईघाईनं आभार मानून सभा संपवली.

दुसऱ्या दिवशी ओशाळून त्यांच्या घरी गेलो. त्यांनी चहा दिला आणि त्या डॉक्टरला आणि म्हातारीला पाठवायला इंग्रजीत पत्रं लिहून मागितली. मी दोन्हीकडे अक्षरशः एकच मजकूर लिहिला. कोणावर अन्याय नको.

“आवं, असं कसं? डाक्टरला इचारा, आईबाप घावलं का. म्हातारीला इचारा, बागंतच हाय न्हवं.”

मी दोन्ही फाडून पुन्हा लिहिली.

उन्हाळ्यात तिकडे युद्ध पेटल्याचं वर्तमानपत्रात आलं. उत्तर कुणाचंच आलं नाही. मी रोज पोस्टात चौकशी करू लागलो, तेव्हा पोस्टमास्तरांनी विचारलं, “तिकडं तुमचं कोण असतं?”

‘कोणी नाही’ म्हणायला माझी जीभ वळेना.