बारावा वाघ

अजीजाबीचा लेक सिनेमात गेला आणि तिथं मोठा झाला, याचा नळदुर्गला कोण अभिमान! हमरस्त्यावरच्या तंबूत त्याचा सिनेमा लागला की तामलवाडीपासून बैलगाड्या यायच्या. घरचं नाव खाजामियाँ, पडद्यावरचं शेखरकुंवर. या शेखरकुंवरनं पंधरा वर्षांत सतरा राज्यं जिंकली होती, दोनदा समुद्र पोहून पार केला होता, आणि एका सिनेमात तर छातीत गोळी लागल्यावर अख्खं गाणं म्हणून मगच तो मेला होता. गाव कौतुकानं वेडं व्हायचं. अजीजाबी मात्र ऐकून घ्यायची आणि विचारायची, "त्ये समदं ठीक हाय. पन बारावा वाघ कवा नाचनार?"

खाजामियाँ सात वर्षांचा असताना त्याला मुदतीचा ताप आला होता. हकिमानं हात टेकले, तेव्हा अजीजाबीनं मन्नत केली : पोर वाचलं तर बारा मोहरम पंजांपुढं, मिरवणुकीतल्या त्या पवित्र निशाणांपुढं, वाघ होऊन नाचेल. त्या मुलखात अशी मन्नत कुणीही बोलतो, मुसलमान काय नि हिंदू काय. तोंडासकट अंगाला पिवळा रंग फासायचा, काळे पट्टे ओढायचे, शेपूट बांधायचं आणि हलगीच्या तालावर नाचत सवारीला सामोरं जायचं. पोर वाचलं आणि अकरा वर्षं नाचलं. बाराव्या मोहरमला आठ दिवस राहिले असताना सोलापूरच्या मोटारीत बसलं, ते थेट मुंबईलाच उतरलं.

अकरा झाले, एकानं काय बिघडतं, असं लोक म्हणायचे. अजीजाबी फणकारायची, "मन्नतीत सूट द्यायला ती काय कापडाची पेठ हाय?" पण आतून ती घाबरलेली असे. सत्तरी उलटली होती. बोललेला शब्द अर्धा ठेवून वर गेलो तर तोंड कसं दाखवायचं, या विचारानं तिला घास गोड लागत नव्हता.

शेवटी एकसष्ट साली तिनं मुनवरकडून पत्र लिहून घेतलं. मुनवर वर्षभर ट्रकांच्या फळ्या रंगवायचा आणि मोहरमात वाघ. पत्रात एकच ओळ होती : ‘यंदा येत नसशील तर माझ्या मैतीलाही येऊ नकोस.’

मग मात्र शेखरकुंवर आला. मोहरमच्या नवव्या दिवशी, जूनच्या उकाड्यात, मोटारीतून, सेक्रेटरी आणि फोटोवाला घेऊन. ही गर्दी लोटली! मुनवर अजीजाबीच्या मागच्या खोलीत जवसाच्या तेलात रंग कालवून तयारच होता. सेक्रेटरीनं डब्यात बोट बुडवलं, वास घेतला आणि त्याचा चेहराच उतरला. "हा रंग आठ दिवस निघायचा नाही. सोमवारी शूटिंग आहे. साहेबांच्या चेहऱ्यावर तीन सिनेमे उभे आहेत!"

खाजामियाँ तसा वाईट माणूस नव्हता. नाचायचंच म्हणून तो आला होता. पण पंधरा वर्षांची सवय एका दिवसात कशी जाईल? सिनेमात दरीवरून घोडा उडवायचा तो डुप्लिकेट. हाड मोडायचं तेही त्याचंच. नंतर शेखरकुंवर यायचा, खांद्यावरची धूळ झटकायचा आणि हसायचा. हे त्याच्या इतकं अंगवळणी पडलं होतं, की डुप्लिकेट पडला की याचा गुडघा दुखायचा. तेव्हा तोड त्यानंच काढली. तो म्हणाला, "हरिबाला बोलवा."

हरिबा धनगर त्याचा लहानपणचा सोबती. तीच उंची, तेच खांदे. गेली वीस-पंचवीस वर्षं हौसेनं वाघ होऊन नाचत होता. दोस्ताचा शब्द त्याला मोडवेना. "तू नाचलास काय अन् म्या नाचलो काय," तो म्हणाला, "वाघ त्यो वाघ." मुनवरनं मान खाली घातली आणि ब्रश उचलला. अजीजाबी तेव्हा पंजांपाशी ऊद जाळत बसली होती. तिला कुणी विचारलं नाही.

दुपारी वाघ बाहेर पडला आणि नळदुर्ग खुळावलं. हरिबा नेहमीसारखाच नाचला. हाच नाच तो दरसाल नाचायचा, तेव्हा लोक पान जुळवत दुसरीकडं बघायचे. आज तेच लोक एकमेकांच्या खांद्यांवर चढले होते. "ह्येला म्हनत्यात अॅक्टिंग!" पानवाला गुरुसिद्धप्पा ओरडला. शाळेचे गुरुजी म्हणाले, "असली कला गावात राहून येत नसते. त्याला मुंबईच पाहिजे." मागच्या खोलीच्या फटीतून शेखरकुंवर स्वतःचं कौतुक ऐकत होता. त्याचे डोळे भरून आले. एवढं चांगलं काम आपण आजवर केलं नाही, असंच त्याला वाटलं.

मध्ये हलगी थांबली. वाघानं कुणाच्या तरी हातातली काठी घेतली, तिच्यावर रेलला, एक पाऊल उचलून दुसऱ्या गुडघ्याला टेकवलं आणि निवांत उभा राहिला. पंजांपाशी बसलेल्या अजीजाबीनं ते पाहिलं आणि ओळखलं. सतरा राज्यं जिंकणारा नट असा उभा राहत नाही. जन्मभर मेंढरांमागं हिंडलेला माणूसच असा उभा राहतो.

तिथं ती काही बोलली नाही. चारचौघांत बोभाटा झाला असता तर मार हरिबालाच बसला असता. ती घरी आली. खाजामियाँनं खरेपणासाठी कानामागं थोडा पिवळा रंग लावून घेतला होता. तो वाकून म्हणाला, "अम्मा, झाली ना तुमची मन्नत पुरी?"

"ताप बी हरिबालाच आला हुता का?" अजीजाबीनं विचारलं.

त्याचा हात कानामागच्या रंगाकडं गेला.

"तुला मरनातनं माघारी मागितला, तवा म्या दुसऱ्याचं लेकरू म्होरं केलं न्हवतं, खाजा. ह्यो माझा पोटचा, ह्यालाच ठिवा, म्हनले हुते." आणि ती रडायला लागली. इतकी वर्षं तिनं दम दिला होता, टोमणे मारले होते, पण रडताना त्यानं तिला पाहिलं नव्हतं. आयत्या वेळी बोलायचे संवाद त्याला दर वेळी कुणीतरी लिहून द्यायचं. आज कुणी दिले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळीच सेक्रेटरी आणि फोटोवाला रिकामी मोटार घेऊन सोलापूरला गेले. साहेब गेले, असं गावभर झालं. मागच्या खोलीत मुनवरनं शेखरकुंवरला दोन काठ्यांवर हात पसरून तीन तास उभा केला. रंग वाळेपर्यंत बसायचं नसतं. रंगाच्या वासानं डोळे चुरचुरले, पाय थरथरले. एक काठी मुनवरनं धरली होती, दुसरी अजीजाबीनं.

दहावा दिवस. पंजे थंड करायला, म्हणजे विसर्जनाला, निघण्याची वेळ. तेवढ्यात गल्लीतून एक वाघ आला. त्याला पोट होतं. शेपूट दोन पायांत अडकत होतं. तिसऱ्या उडीला तो आपटला आणि लोक पोट धरधरून हसले. "काल शेखरकुंवर नाचून गेला अन् आज ह्यो कोन म्हसोबा आलाय?" गुरुसिद्धप्पा ओरडला. गुरुजींनी सुस्कारा सोडला. "नक्कल करायलाही अक्कल लागते."

तोंड पुसून ‘मीच तो’ म्हणायची सोय नव्हती. म्हटलं असतं तर काल कोण नाचलं, हेही सांगावं लागलं असतं. आणि सांगितलं असतं तरी हे ध्यान पाहून कुणी विश्वास ठेवला नसता. गर्दीत हरिबा उभा होता, घासघासूनही गळ्याला कालचा पिवळा रंग तसाच. त्यानं हलगीवाल्याच्या हातातून हलगी घेतली आणि ताल निम्म्यावर आणला, दोस्ताला झेपेल एवढा. वाघ पुन्हा उठला, नाचला, पडला आणि पुन्हा उठला. शेवटचं अंतर तर त्यानं गुडघ्यांवर कापलं आणि पंजांपुढं कपाळ टेकलं.

अजीजाबीच्या डोळ्यांना धार लागली होती. गुरुसिद्धप्पाला तिची दया आली. "अजीजाबी, असल्यांला कशाला येऊ देत्यात?" तो म्हणाला. "काल तुमच्या लेकाचं बघूनसुदीक शिकला न्हाय बघा ह्यो."

"आसूं दे, बाबा," पदरानं डोळे पुसत अजीजाबी म्हणाली. "सोता नाचतंय लेकरू, त्ये काय कमी हाय?"