खणात कोंडलेला चेहरा

"हा मेला वाकड्या भुवयांचा कशाला टांगता दारातच? पाहुण्यांना काय वाटेल!" मोठ्या बाई माझ्या नाकासमोर पुटपुटल्या, तेव्हाच मी ओळखलं की माझी गच्छंती ठरली.

मित्रांनो, मी एक जुना, रागावलेला चेहरा आहे. प्लायवूडचा, बशीएवढा. वर्गाच्या ताईंनी सुताराकडचे उरलेले तुकडे आणून आम्हा पाच भावंडांना रंगवलं: हसरा, रडवा, घाबरा, दमलेला आणि मी. बोलता न येणारी मुलं सकाळी आमच्यातला एक खुंटीवरून काढून ताईंच्या हातात देत. मग ताईंना कळायचं, आज कुणाला कसं सांभाळायचं. माझ्या कडेवर दातांच्या खुणा आहेत. त्या मी मिरवतो. मला चावलं, म्हणून त्या पोरांनी स्वतःला चावलं नाही.

मग शाळेच्या संमेलनाच्या तालमी सुरू झाल्या. वर्गालगत कपाटाएवढा स्पीकर आला. चिमणी पाच वर्षांची, अजून एक शब्द न बोललेली. कान दाबून यायची आणि रोज मलाच उचलायची. चार दिवस! पाचव्या दिवशी मोठ्या बाईंनी मला टेबलाच्या खणात कोंबलं आणि माझ्या खुंटीवर आणखी एक हसरा लटकवला. ताई गप्प बसल्या. हो, माझ्या ताई!

खणाच्या फटीतून मला दिसायचं, चिमणी माझी खुंटी चाचपायची, मग स्वतःचं मनगट चावायची. मोठ्या बाईंनी तिच्या प्रगतीच्या कागदावर लिहिलं, 'भावना ओळखता येत नाहीत.' आईला बोलावून म्हणाल्या, "पुढच्या महिन्यापासून नका आणू हिला."

खणात माझा नुसता संताप झाला. पोरीच्या तोंडचा शब्द काढून घ्यायचा आणि वर तिलाच नापास करायचं, ही कुठली रीत?

आई मान खाली घालून बसली होती. साफसफाईच्या मावशींनी मात्र खण ओढला. "धूळ पुसते हो जरा," म्हणत मला टेबलावर ठेवलं. चिमणी धावत आली. तिनं मला उचललं, थेट मोठ्या बाईंच्या हातात दिलं आणि स्पीकरकडे बोट दाखवलं.

"बघा, पुन्हा तेच!" मोठ्या बाई म्हणाल्या.

मित्रांनो, माझा रंग उडाला तरी चालेल, कड झिजली तरी चालेल. पण मला कुणाच्या हातून काढून घेऊ नका.

टेबलाशी उभ्या असलेल्या ताईंच्या भुवया तेव्हा अगदी माझ्यासारख्या झाल्या होत्या.

"बाई, तिला राग ओळखता येतो," त्या म्हणाल्या. "आपल्यालाच तो बघायचा नव्हता."