झाकणावरचा दोरा

बाबांनी मानेचा तुकडा अंगठ्यानं दाबून पाहिला, पालथा केला आणि पुन्हा दाबला.

"चिवट आहे," ते खूश होऊन म्हणाले. "मऊ तर काय, कुणीही शिजवेल."

चाळीस वर्षं त्यांनी मटणाचं दुकान चालवलं होतं. चांगले तुकडे गिऱ्हाइकांना आणि मान, नडग्या घरी, हा त्यांचा शिरस्ता. दोन्ही मुलं त्या चिवट मटणावरच वाढली, पण ते चिवट असतं हे त्यांना कधी कळलं नाही, कारण बाबा ते तीन-तीन तास बारीक आचेवर ठेवायचे. आजही रविवारी सकाळी नऊलाच पातेलं गॅसवर चढलं होतं. आजचं मटण मात्र परीक्षेचं होतं.

गेल्या महिन्यात बाबांनी रिकामं पातेलं गॅसवर ठेवलं आणि फिरायला निघून गेले. पातेल्याचा कोळसा झाला, धुरानं शेजारीपाजारी धावत आले. पुढच्याच आठवड्यात, दुसऱ्या शहरात राहणाऱ्या धाकट्या मुलानं एक वृद्धाश्रम पाहून ठेवला. आज तो तिथला अर्ज घेऊन जेवायला येणार होता. बाबांनी एकच अट घातली होती. जेवण मी करणार, कुणी मध्ये पडायचं नाही. ते खा आणि मग सही मागा.

लेकीनं ती अट कबूल केली होती. शेजारच्या खोलीत ती शिलाई मशीनवर बसली होती. लोकांचे कपडे घट्ट-सैल करून देणं हा तिचा धंदा. हात कुणाच्या तरी पँटवर होते आणि कान गॅसकडे. कांदा परतल्याचा आवाज आला, मग तुकडे पडल्याचा चर्रकन आवाज, मग पाणी ओतल्याचा.

"एक दोरा दे गं," बाबांनी दारातून हात पुढे केला. "लाल दे. दिसेल असा."

मिरी फडक्यात बांधून सोडायची असतील, असं समजून तिनं मान वर न करता वीतभर दोरा तोडून दिला.

खरं सांगायचं तर ती थकली होती. तीन वर्षं ती एक कान जागा ठेवून झोपत होती. "बाबांचा काही त्रास नाही हो," असं जगाला हसून सांगत होती. एखाद्या दिवशी सकाळी आठपर्यंत अंथरुणात लोळत पडावं, एवढीच तिची चैनीची कल्पना उरली होती. आजचं मटण चांगलं व्हावं असं तिला वाटत होतं. होऊ नये असंही वाटत होतं, आणि त्याची तिला लाज वाटत होती.

अकराला बाबा आंघोळीला गेले तेव्हा न राहवून ती आत डोकावली. गॅस बारीक होता, सगळं ठीक होतं. झाकणाच्या कडेनं रस्सा ओघळला होता, तो तिनं पुसला. मुठीला दोरा अडकला होता, तोही ओढून काढला आणि ॲप्रनच्या खिशात टाकला. घरभर तिचेच दोरे पडलेले असायचे. दिवसाला पन्नास तरी उचलायची ती, हाताला सवयच लागली होती.

आंघोळ करून बाबा परत आले आणि पातेल्यापाशी बराच वेळ उभे राहिले.

साडेबाराला भाऊ आला. तीन तास गाडी चालवून दमलेला, हातात बाबांसाठी नव्या चपला. अर्जाची फाईल त्यानं टेबलाच्या कोपऱ्यावर ठेवली आणि ती दिसू नये म्हणून वर वर्तमानपत्र पसरलं. माणूस वाईट नव्हता.

"वास तर अगदी लहानपणीचा येतोय," तो म्हणाला.

बाबांनी स्वतः वाढलं. चमचा लागताच मांस हाडावरून सुटत होतं. भावानं पहिला घास घेतला, चावता चावता थांबला, कसाबसा गिळला आणि पाण्याचा ग्लास उचलला. तिनं चाखून पाहिलं. तोंडात धरवेना इतकं खारट झालं होतं.

बाबांनी सगळ्यात शेवटी घास घेतला आणि चमचा खाली ठेवला.

"मीठ दोनदा पडलं," ते म्हणाले. "पण दोरा नव्हता. मी बघितलं ना. दोरा नव्हता म्हणून तर घातलं."

"कसला दोरा, बाबा?" भावानं अगदी हळू विचारलं.

"मीठ घातलं की झाकणाला बांधतो. हल्ली विसरायला होतं म्हणून. दुकानात धुऊन ठेवलेल्या मटणाच्या डब्याला बांधायचो ना, तसा."

भावानं बहिणीकडे पाहिलं. बघ, मी म्हणत नव्हतो का, असं काही त्या नजरेत नव्हतं. तो नुसता कष्टी झाला होता. त्यानं वर्तमानपत्राखालून फाईल ओढली.

"ताई, आता तूच सांग."

तिचा हात कधीच खिशात गेला होता. नेहमीचे बारीकसारीक तुकडे होते, आणि त्यांत एक लांब, तेलकट झालेला. बोटांना त्याची गाठ लागली.

तिला काही बोलायचीही गरज नव्हती. नुसतं गप्प बसलं असतं तरी भागलं असतं. मग सकाळी आठपर्यंत झोप, एकच दिवस नव्हे तर रोज.

"नसेल बांधला मी," बाबा ताटाकडे बघत पुटपुटले. "बांधलासा वाटतो. पण नसेल बांधला."

तिनं दोरा बाहेर काढून टेबलावर ठेवला. लाल, गाठीसकट.

"बांधला होता तुम्ही. झाकण पुसताना मी काढला."

भावाचा फाईलवरचा हात थांबला.

"मी दमलेय," ती भावाला म्हणाली. "ते खरं आहे. त्याचं काय करायचं ते आपण आजच बोलू. पण हे खारट माझ्यामुळे झालंय. ते बाबांच्या माथी मारू नकोस."

भाऊ दोऱ्याकडे बघत राहिला. मग त्यानं फाईल उचलून खुर्चीखाली ठेवली.

बाबांनी दोरा डोळ्यांजवळ नेला आणि गाठ निरखून पाहिली. त्यांचीच होती. चेहऱ्यावर जरा रंग आला.

"घरात बटाटे आहेत?"

"आहेत."

"चार सोला. वर कढत पाणी घाला आणि अजून तासभर बारीक गॅसवर ठेवा. मानेचं मटण आहे, तासाभरानं काही बिघडत नाही."

"सुरी कुठेय, ताई?" भाऊ बाह्या सरसावत उठला. त्यानं पहिलाच बटाटा असा सोलला की अर्धा सालीबरोबर गेला, आणि बाबांनी कपाळाला हात लावला.

पातेलं पुन्हा गॅसवर चढलं. बाबांनी दोरा झाकणाच्या मुठीला बांधला, ओढून पाहिला, आणि दोन्ही मुलांकडे वळून दुकानातल्या त्या जुन्या करड्या आवाजात म्हणाले,

"आता झाकण कुणी पुसायचं नाही."