पाण्यावरून आलेली हाक

जिवंत मनुष्य आपला आवाज दुसऱ्याच्या स्वाधीन करतो, तेव्हा तो आपल्या हयातीपुरताच विचार करून करतो. तो निघून गेल्यावर त्या आवाजावर अधिकार कोणाचा? ज्याने तो जपून ठेवला त्याचा, ज्या कार्यासाठी तो दिला गेला त्या कार्याचा, की ज्या घरातून तो कायमचा हरपला त्या घराचा? कार्य शुद्ध असले म्हणजे हा प्रश्न आपोआप सुटतो, अशी भूपेशची समजूत होती. त्याचे कार्य शुद्ध होते, याविषयी कोणालाही शंका नव्हती.

भूपेश मूळचा वडशाचा. ऐन तारुण्यात झाडीपट्टीच्या नाटकमंडळींबरोबर हिवाळे काढून त्याने ध्वनिक्षेपकांची विद्या आत्मसात केली, आणि पुढे स्वतःचा कॅमेरा घेऊन तो या प्रदेशातील पाणी व अरण्य यांविषयी माहितीपट करू लागला. सावरटोल्याला तो आला तो तेथील तलावासाठी. गोंडपिपरी तालुक्यातील हे ढिवरांचे, म्हणजे मासेमारांचे, गाव तलावाच्या पाळीला, तिच्या मातीच्या उंचवट्याला, टेकून वसले आहे. वरच्या अंगाला एका वीजप्रकल्पाने राख साठवण्याकरिता बांध घातला, तेव्हापासून ती राख ओघाबरोबर तलावात उतरू लागली. मासळी विरळ झाली. तळाचा चिखल करडा, मऊ आणि फसवा झाला. आता प्रकल्पाला तो बांध आणखी वाढवायचा होता, आणि त्यासाठी गोंडपिपरीला जनसुनावणी ठरली होती.

या तलावावर एक जुनी रीत आहे. थंडीच्या दिवसांत सांजेला धुके उतरले की पाण्यावरच्या माणसाला घाट दिसेनासा होतो. मग तो डोंग्यातून घरच्या माणसाला हाक देतो, आणि काठावरून उत्तर येते त्या दिशेने वल्हे मारतो. उत्तर मिळाल्यावाचून तो डोंगा काठाला लावत नाही. मनुष्य वारला म्हणजे दहाव्या दिवशी घरची माणसे त्याच घाटावर पाण्याकडे पाठ करून मुकाट उभी राहतात. येथे आता तुला उत्तर देणारे कोणी नाही, तू पुढे जा, हे त्या मौनातून जाणाऱ्याला कळते अशी गावाची श्रद्धा आहे. त्यानंतर त्याच्या नावाने पाण्यावर कोणी हाक घालत नाही.

मागील हिवाळ्यात भूपेशने बाबुलाल नावाच्या ढिवराचे चित्रण केले होते. सदऱ्याला लावलेला लहानसा माइक विसरून बाबुलाल दिवसभर आपल्या कामात दंग राहिला, आणि धुक्यातून परतताना त्याने रोजच्याप्रमाणे मासळी उतरवून घेण्यासाठी पत्नीला हाक दिली, “टोपलं आन वोऽऽ!” घाटावरून चंदाबाईचे उत्तर आले, “आलीऽ जी!” संकलन करताना भूपेशने ते उत्तर कापले. अनुत्तरित हाक प्रेक्षकाच्या अंतःकरणात घुमत राहते, हा त्यामागचा विचार होता आणि कलेच्या दृष्टीने तो योग्यही होता.

भाद्रपदात, राख जेथून तलावात येते त्या मुखाशी बाबुलालचे जाळे अडकले. ते सोडवण्यास तो खाली उतरला आणि चिखलाने त्याला परत दिले नाही. दुसऱ्या दिवशी त्याच्या भावाने, देवरावने, त्याला बाहेर काढले. कागदावर ‘पाण्यात बुडून अपघाती मृत्यू’ असे लिहिले गेले. दहाव्या दिवशी चंदाबाई घाटावर पाठ करून उभी राहिली. ती त्या दिवशी रडलीही नाही, असे बायका सांगतात.

मार्गशीर्षात, सुनावणीच्या आठवडाभर आधी, भूपेश माहितीपट घेऊन सावरटोल्याला परतला. लोकांनी सुनावणीत निर्भयपणे बोलावे म्हणून आधी तो गावातच दाखवावा, असे मच्छीमार संस्थेचे अध्यक्ष गुणवंतराव यांनी सुचवले होते. तलावाच्या पाळीवर पांढरा पडदा ताणला गेला आणि आवाज पाण्यावरून घुमून यावा म्हणून दोन मोठे कर्णे पाण्याच्या बाजूला तोंड करून बांधले गेले.

“आवाज पार त्या काठाले गेला पाह्यजे, भूपेश,” गुणवंतराव म्हणाले. “नाई तं मांगं बसनारे म्हातारे घोरतेत.”

“नाटकाचे भोंगे हायेत, भाऊ. मेलेला उठून बसते.”

दोघेही हसले. सूर्य कलला होता आणि पाण्यावर धुक्याची पहिली पट्टी धरू लागली होती. आवाजाची पातळी तपासण्यासाठी भूपेशने नेहमीचाच तुकडा लावला. संकलनाच्या महिन्यांत त्याने तोच तुकडा इतक्या वेळा ऐकला होता की गवई ज्या सवयीने तंबोरा छेडतो, त्याच सवयीने त्याचे बोट तेथे गेले. त्या आवाजात कोणी मनुष्य आहे, हे त्याच्या कानांना आता उमगत नव्हते.

“टोपलं आन वोऽऽ!”

हाक तलावभर पसरली, पैल काठावर आदळली आणि क्षीण होऊन परतली. त्याच क्षणी गावाकडून स्त्रीचा स्वर आला.

“आलीऽ जी!”

चंदाबाई कमरेवर टोपले घेऊन घाट उतरून आली. पाण्यात पाऊल टाकल्यावर तिने वर पाहिले. पडदा दिसला, कर्णे दिसले, यंत्रावर हात ठेवून उभा असलेला भूपेश दिसला. तिने टोपले हळूच पायरीवर ठेवले, जणू ते भरलेले होते.

देवराव धावत आला. “वयनी! तू उत्तर देलं?”

“माह्या तोंडातून निंगालं, भाऊजी,” ती म्हणाली. “चूल पेटवत होती. निंगूनच गेलं.”

त्या सांजेला माहितीपट दाखवायचा राहूनच गेला, आणि तेव्हापासून गाव बदलले. दिवेलागणीला तलावात डोंगा घालण्यास कोणी धजेना. ज्या हाकेला मौनाने निरोप दिला होता, तिला पुन्हा उत्तर मिळाले होते. आणि ज्याला उत्तर मिळते तो काठाला येतो. धुक्यात वल्ह्याचा आवाज ऐकल्याचे देवरावने शपथेवर सांगितले. चंदाबाई मात्र रोज त्या वेळी टोपले घेऊन घाटावर बसू लागली. “बलावलं तं उभं राहाले पाह्यजे,” एवढेच ती म्हणे.

भूपेशने तिची क्षमा मागितली. तिने त्याच्याकडे पाहिलेही नाही. “ते हाक काढून टाक,” ती म्हणाली.

गुणवंतराव अस्वस्थ झाले. “बाई, त्या हाकेबिगर सुनावनीच्या साहेबाले आपला तलाव म्हंजे नकाशावरचा निळा डाग हाय. तेच तं जीव हाय त्या फिलिमचा.”

“जीवच हाय, भाऊ. म्हनूनच काढ म्हनतो.”

हाक काढायची तर तिच्या जागी काहीतरी घालावे लागते. चित्रातून आवाज नुसता पुसला तर कानाला तेथे खड्डा लागतो. म्हणून त्याच स्थळाची, त्याच वेळेची शांतता ध्वनिमुद्रित करून तेथे भरतात. प्रत्येक जागेची शांतता निराळी असते, आणि जाणत्या कानाला ती ओळखू येते. दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला, चंदाबाई येण्याआधीच, भूपेश एकटाच घाटावर गेला. वारा पडला होता. त्याने माइक पाण्याच्या दिशेने रोखला, हेडफोन कानांवर चढवला आणि डोळे मिटले.

प्रथम लव्हाळ्यातील किडे. दूरवर एका पाणकोंबडीचा खरखरीत स्वर. मग बराच काळ केवळ पाणी, स्वतःशीच हलणारे. आणि मग त्या पाण्याच्या आतून, अगदी मंद, लाकडावर लाकूड घासल्याचा आवाज आला. थांबला. पुन्हा आला, किंचित जवळून. एक ओढ लांब, एक आखूड. एक लांब, एक आखूड.

भूपेशने हेडफोन काढला. तलाव निश्चल होता. पाण्यावर कोठेही डोंगा नव्हता, एक रेघही उमटलेली नव्हती. त्याने पुन्हा हेडफोन चढवला, आणि वल्हे त्याच्या कानात घाटाकडे येत राहिले.

“आयकलं ना?”

मागे चंदाबाई उभी होती.

“वाऱ्यानं काई हललं असन, बाई,” तो म्हणाला. आपला स्वर आपल्यालाच परका लागतो आहे, हे त्याला जाणवले.

“वारा वल्हं नाई मारत. डाव्या खांद्यात कळ होती त्याच्या. एक हात लंबा जाये, एक आखूड. तसंच आयकलं का नाई, सांग!”

भूपेशने मान खाली घातली. तसेच होते.

ती पायरीवर बसली. “तो घाट धुंडून राह्यला, भूपेशभाऊ. मी एक डाव ‘आली’ म्हनली, आन मंग चूप बसली. आता त्याले ना इकडे येता येत, ना तिकडे जाता येत. जिता होता तवा मी त्याले असं ताटकळत नाई ठेवलं.”

“मी हाक काढतो. मूळ प्रत बी पुसून टाकतो,” भूपेश म्हणाला. “माह्याजवळ काईच नाई उरनार.”

धुके पायरीपर्यंत आले.

“पुसू नोको,” अखेर ती म्हणाली. “इथी नोको, एवढंच. जिथी पानी नाई तिथी दे. गोंडपिपरीच्या त्या मांडवात दे. उत्तर द्याचं काम ज्याचं हाय, ते तिथी बसतेत. मी उगाच देलं. ते माह्यं उत्तर नोतं.”

“तुमाले तिथी आयकवन का, बाई?”

“पदराचा बोळा कोंबतो तोंडात.” तिच्या चेहऱ्यावर किंचित हसू उमटले. “नाई तं तिथी बी ‘आली जी’ म्हनन, आन साहेब म्हनन, बाई पागल हाय.”

गावात माहितीपट दाखवला गेला तेव्हा पडद्यावर बाबुलालचे मुख उघडले आणि त्यातून तलावाची शांतता बाहेर आली. वल्ह्याचा आवाज येण्यापूर्वीचीच शांतता भूपेशने घेतली होती. पाळीवर बसलेल्या लोकांपैकी कोणी हलले नाही. मूल रडले, त्याला आईने छातीशी धरले. चित्र संपल्यावर लोक उठले आणि आपापल्या घरी गेले.

जनसुनावणीच्या मांडवात उन्हे चढली होती. प्रकल्पाच्या वतीने बांधाभोवती लावावयाच्या वृक्षांची माहिती सांगून झाली. मग चंदाबाईचे नाव पुकारले गेले. ती माइकजवळ गेली.

“मी नाई बोलत, साहेब. माह्या घरचा मानूस बोलते.”

मधल्या खुर्चीवरील अधिकाऱ्यांनी समोरचा कागद पाहिला. “बाई, तुमचे यजमान तर वारले आहेत. मृत व्यक्तीची साक्ष आम्हांला नोंदवता येत नाही.”

“साक्ष नोहय जी. हाक हाय.”

अधिकाऱ्यांनी हाताने संमती दर्शवली. ते मनाने वाईट गृहस्थ नव्हते.

भूपेशने कळ दाबली.

“टोपलं आन वोऽऽ!”

चंदाबाईने पदर दातांत घट्ट धरला होता. तिचा कंठ हलताना भूपेशला दिसला. दारावरच्या शिपायाने नकळत बाहेर वळून पाहिले, जणू रस्त्यावर कोणीतरी ताटकळत उभे आहे. अधिकाऱ्यांचे ओठ विलग झाले. काहीतरी तेथपर्यंत आले होते. मग त्यांनी मान लववून लेखणी उचलली, आणि हाक मांडवाच्या कापडात विरून गेली.

चंदाबाईने पदर सोडला. “कोनी उत्तर नाई देलं,” ती शांतपणे म्हणाली. “तेवढं लिवा साहेब.”

परतताना जीपमध्ये, गाव जवळ आल्यावर, देवराव पुटपुटला, “आता साहेबाच्या दारात जाते तो, टोपलं मागाले.”

“मंग साहेबीनले सांगा, लहानच टोपलं आन म्हना,” चंदाबाई म्हणाली. “तलावात मासोई कुठी उरली?”

पुढे बसलेले गुणवंतराव हसले, आणि हसता हसता त्यांनी डोळे पुसले.

त्या सांजेला चंदाबाई घाटावर गेली नाही. बांधाविषयीचा निर्णय अद्याप यावयाचा आहे. सावरटोल्याचे डोंगे आता दिवेलागणीलाही पाण्यात उतरतात. वल्ह्याचा तो आवाज अजून येतो की नाही, हे कोणी कोणाला विचारत नाही. मात्र गोंडपिपरीला ज्या मैदानात तो मांडव होता, तेथून संध्याकाळी जाताना मागे वळून पाहावेसे वाटते, असे तो शिपाई आपल्या पत्नीला सांगतो.

जो पाण्यावर राहिला, त्याला पैलतीर सापडो. जी काठावर राहिली, तिला शांत निद्रा लाभो. ज्याने तो आवाज जपला, त्याच्या हातून तो यापुढेही योग्य ठिकाणीच उमटो. आणि मान लववून लिहीत बसलेल्या त्या सद्गृहस्थांना, ओठांपर्यंत आलेला शब्द उच्चारण्याचे बळ मिळो.