सिमेट्री बंद केल्यावर

आमच्या लॅबमध्ये हेर्लेकर सरांचा एक नियम होता. रेणू कुठलाही असो, कॉम्प्युटरला द्यायचा तो सिमेट्री चालू ठेवून. म्हणजे याच्या सगळ्या बाजू सारख्या आहेत, असं मशीनला आधीच बजावून टाकायचं. मग त्याला थोडंच गणित करावं लागतं. सर शिकत होते तेव्हा कॉम्प्युटरवर वेळ मिळवायला हातापाया पडावं लागायचं, तेव्हाची ही सवय. आमचं मशीनही काही तरणंताठं नव्हतं. पाऊस लागला की कॅम्पसची लाईट जायची, यूपीएसची बॅटरी नेमकी शाहूपुरीतल्या दुकानात दुरुस्तीला पडलेली असायची, आणि आठवडाभर चाललेलं गणित मधेच मरायचं. त्यामुळे सरांचा नियम आम्ही इमानेइतबारे पाळला. का, असं कुणी कधी विचारलं नाही.

मी दानेश्वरी. बोरॉन आणि ऑक्सिजनचे मूठभर अणू एकत्र आले तर ते कुठल्या आकारात बसतात आणि एकमेकांना कसे धरून ठेवतात, हे मी कॉम्प्युटरवर शोधते. बर्नर नाही, परीक्षानळी नाही, पांढरा कोट नाही. गावी हलकर्णीला आमची अव्वा, म्हणजे आई, शेजारणींना सांगते, "पोरगी कॉम्प्युटरवर औषधं करती." मी आता तिला दुरुस्त करत नाही.

माझ्या थिसिसचा सगळा जीव तिसऱ्या प्रकरणात होता, आणि त्या प्रकरणाचा जीव एका रिंगमध्ये. तीन बोरॉन, तीन ऑक्सिजन, एकाआड एक, आणि बाहेरून प्रत्येक बोरॉनला आणखी अणूंचं एकेक शेपूट. सपाट, देखणी, भाकरीसारखी. या अणूंना हाच आकार सगळ्यात मानवतो, बाकीचे सगळे आकार हिच्यापेक्षा जास्त ऊर्जेचे, असा माझा दावा होता. इलेक्ट्रॉन त्या रिंगभर कसे वाटून घेतले जातात यावर मी पानंच्या पानं लिहिली होती. सरांचा तर त्या रिंगवर असा जीव की विद्यार्थ्यांनी त्यांच्या निरोपसमारंभाच्या पत्रिकेवर तीच छापली होती.

सर महिनाअखेरीला रिटायर होणार होते. त्याआधी थिसिस जमा झाला तर मी सुटले. नाही झाला तर नवा गाईड शोधायचा, आणि आमच्या विषयात विद्यार्थ्याची जागा रिकामी होती ती एकाच माणसाकडे, उन्मेषकडे. उन्मेष माझ्या मागून लॅबमध्ये आला, माझ्या आधी सुटला. त्याला पहिली इनपुट फाईल लिहायला मी शिकवलं. आता तो त्याच विभागात प्राध्यापक आहे. त्याचा काही दोष नाही, गुणी पोरगा आहे, पण कॉरिडॉरमध्ये तो समोरून आला की मी नोटीसबोर्ड वाचत उभी राहायची.

थिसिस छापायला टाकायच्या बेतात होते. एका तक्त्यातला आकडा नीट आठवेना, म्हणून रिंगचं गणित पुन्हा लावलं. दमले होते. सिमेट्रीची ओळ लिहायचीच राहिली. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

सकाळी येऊन बघते तर रिंग जाग्यावर नाही. एक ऑक्सिजन बाजूला सरकला होता, रिंग उघडली होती, एक शेपूट वर उचललं गेलं होतं. वाकडंतिकडं काहीतरी पसरलं होतं स्क्रीनवर. आणि ऊर्जा? माझ्या देखण्या रिंगपेक्षा चांगली खाली, म्हणजे अणूंना हाच वाकडा आकार जास्त मानवत होता. मला वाटलं मशीनच बिघडलं. जास्त काटेकोर पद्धतीनं पुन्हा लावलं, पुन्हा तेच. मास्तर वर्गात असेपर्यंत पोरं हाताची घडी घालून बसतात, तशी ती रिंग आमच्यासमोर बसली होती. मी चाळीस पानं लिहिली होती ती त्या हाताच्या घडीवर.

तेवढ्यात अव्वाचा फोन. "यवा, झालं न्हवं का तुझं? तुझ्या अप्पांनी समद्या गावाला सांगून टाकलंय, पोरगी ह्या म्हयन्यात डॉक्टर हुती म्हणून."

"आणि नाही झाले तर?"

"आता गं! इतकी वरसं झाली की. न्हाय कसं हुईल?"

मी बरं म्हणून फोन ठेवला आणि सरांच्या केबिनमध्ये गेले. खरं सांगते, शाबासकी घ्यायला नव्हते गेले. मला एवढंच ऐकायचं होतं, की जाऊ दे, कोण बघतंय. सरांनी म्हटलं असतं की मी मोकळी झाले असते.

सर पुस्तकं खोक्यात भरत होते. मी थिसिसची फाईल आणि लॅपटॉप टेबलावर ठेवला आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, स्क्रीनला नाक लावलं.

"आयला! उघडली की गं!"

मला वाटलं आता डोक्याला हात लावतील. कसलं काय, त्यांचा चेहरा असा फुलला की मी त्यांना तसं कधी पाहिलंच नव्हतं. खोकं पायानं बाजूला ढकलून त्यांनी खुर्ची ओढली. "हे शेपूट बघ कसं वळलंय. म्हणजे बाँडिंगची सगळी गोष्टच निराळी हाय. आपण आजवर हिला बांधून घातली आणि म्हणत बसलो, किती गुणाची. तुझे बाकीचे रेणू पण असेच सोडून बघू या. सगळे सोडू! आत्ता लाव."

आणि मला रडू फुटलं. नुसतं रडू नाही, संताप.

"सर, तुम्ही महिनाअखेरीला हार घालून घरी जाणार. मी कुठं जाऊ? बाकीचे सोडायचे म्हणजे अजून वर्ष-दोन वर्षं. तुम्हाला गंमत वाटतीय ती माझ्या जिवावर."

सरांनी चष्मा कपाळावरून काढून हातात घेतला. म्हातारे दिसायला लागले एकदम.

"हे डोक्यातच आलं न्हाय बघ माझ्या," ते म्हणाले. मग माझ्या फाईलमधून गाईडच्या सहीचा कागद त्यांनी स्वतःच काढला आणि सही केली. "घे. रिंगच ठेव. कोण सिमेट्री बंद करून बघणार हाय? मी बोलणार नाही कुणाला."

हेच ऐकायला मी आले होते. ऐकलं, आणि काहीच सुटल्यासारखं वाटलं नाही.

कँटीनमध्ये चहा घेऊन बसले, तिसरं प्रकरण उघडलं. 'ही रिंग स्थिर असण्याचं कारण...' पुढं वाचवेना. व्हायव्हात हेच सांगायचं. मग मुलाखतींमध्ये. मग एखाद्या कॉलेजात चिकटले तर फळ्यावर हीच रिंग काढून पोरांना सांगायचं, बघा, किती स्थिर. आणि कुणी सिमेट्रीचं नाव काढलं की विषय बदलायचा. खोटं एकदा बोलून संपत नाही, ते रोज सांभाळावं लागतं, आणि माझ्यात तेवढं त्राण उरलं नव्हतं. मी काही फार तत्त्वाची नाही. दमले होते, एवढंच.

चहा तसाच ठेवून उठले. वर जाऊन सरांचा सहीचा कागद त्यांच्या टेबलावर पालथा ठेवला. ते खिडकीपाशी पाठमोरे उभे होते, वळले नाहीत. मग मी कॉरिडॉरच्या दुसऱ्या टोकाला गेले आणि उन्मेषचं दार वाजवलं.

"सर, आत येऊ का?"

उन्मेष पेपर तपासत होता. मला बघून सवयीनं ताडकन उभा राहिला. "अगं ताई, सर काय म्हणतीस मला? ये की, बस." आणि आपलीच खुर्ची माझ्याकडे सरकवायला लागला.

"तुम्ही बसा सर," मी म्हटलं, आणि तो बसेपर्यंत उभी राहिले.